संगणकाचा नाद ओसरला, आता पुढे काय?

शनिवारी दुपारची जेवणं झाली की कॅबिनेटचं झाकण उघडून बसायचं, रॅम काढून तिचे सोनेरी दात खोडरबरानं पुसायचे, खटकन परत बसवायची आणि मशीन चालू झालं की घरभर सांगत सुटायचं, असे दिवस तुम्हीही काढले असतील. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत दहा दुकानं पालथी घालून ग्राफिक्स कार्डाचा भाव शंभर रुपयांनी पाडला असेल. ‘डिजिट’ किंवा ‘पीसी क्वेस्ट’बरोबर आलेल्या सीडीवरचं लिनक्स रात्री जागून चढवलं असेल, त्या भानगडीत घरच्यांच्या फायलींचं पार्टिशन उडालं असेल आणि त्याबद्दल यथेच्छ बोलणीही खाल्ली असतील.

आता ऑफिसचं काम संपताच लॅपटॉप मिटतो तो दुसऱ्या दिवशीच उघडतो. हौसेनं मागवलेला रास्पबेरी पाय खोक्यातच पडून आहे. नवा प्रोसेसर बाजारात आला तरी त्याच्याबद्दल वाचावंसं वाटत नाही. ‘सवडीनं पूर्ण करू’ म्हणून ठेवलेल्या प्रोग्रॅमच्या फोल्डरला वर्षानुवर्षं हात लागलेला नाही.

छंद ओसरतात, त्यात वावगं काही नाही. प्रश्न येतो तो पुढे. छंदाची वेळ रिकामी होते आणि बहुतेक घरांत ती आयतीच फोनच्या घशात जाते. दोन तास रील बघून उठलं की शीणही गेलेला नसतो आणि करमणूकही झालेली नसते. ही वेळ परत कशी मिळवायची, तिच्यात काय घालायचं, सुरुवात कुठून करायची आणि जुन्या संगणकी संसाराची निरवानिरव कशी करायची, ते या लेखात पाहू. सगळ्यामागचं सूत्र एकच आहे: संगणकातून तुम्हाला एक विशिष्ट प्रकारची मजा मिळत होती, ती कोणती हे आधी ओळखा आणि पर्याय तिच्यावरून निवडा.

आधी निदान करा

उत्साह आटण्याची कारणं साधारण चार असतात. प्रत्येकावरचा उपाय निराळा असल्यामुळे घाईघाईनं नवा छंद धरण्याआधी आपलं कारण कोणतं ते पाहून घ्या.

पहिलं कारण, छंदाची नोकरी झाली. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग १९७३ साली प्रसिद्ध झाला. चित्रं काढायची मुळातच आवड असलेली बालवाडीतली मुलं त्यांनी निवडली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर प्रमाणपत्र मिळेल. मुलांनी चित्रं काढली, प्रमाणपत्रंही मिळाली. नंतर मोकळ्या वेळात मात्र ही मुलं रंगीत पेनांकडे इतर मुलांच्या तुलनेत साधारण निम्माच वेळ वळली. ज्यांना बक्षीस न सांगता मिळालं किंवा मिळालंच नाही, त्यांची आवड शाबूत होती. पगाराच्या बोलीवर दिवसभर कोड लिहिणाऱ्याला रात्री तोच कोड हौसेनं लिहावासा का वाटत नाही, याचं उत्तर इथे बरंचसं मिळतं. स्वतःची परीक्षा सोपी आहे. आठदहा दिवसांच्या रजेनंतर हात शिवशिवायला लागतात का? लागत असतील तर छंद जिवंत आहे, दमलेले तुम्ही आहात. अशा वेळी पडद्यापासून लांबचा, हातापायांना काम देणारा उद्योग काही महिने करा. संगणकाशी काडीमोड घेण्याची गरज नाही.

दुसरं कारण, यंत्रच बदललं. नव्वदच्या दशकातला संगणक उघडून बघण्याजोगा होता. हार्ड डिस्कवरचा इवलासा जंपर ‘मास्टर’वरून ‘स्लेव्ह’वर सरकवला की दुसरी डिस्क दिसायला लागायची. साउंड कार्ड आणि मोडेम एकाच आयआरक्यूवरून भांडायचे, ते भांडण आपणच सोडवायचं. ६४० किलोबाइटमध्ये गेम मावावा म्हणून कॉन्फिग फाइलमधल्या ओळी पुढेमागे करायच्या. विदेश संचार निगमनं १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, त्यानंतर मोडेमच्या नुसत्या किरकिरीवरून जोडणी लागणार की तुटणार हे सांगणारे वाकबगार गल्लोगल्ली तयार झाले. आता कित्येक लॅपटॉपांत रॅम मदरबोर्डावरच सोल्डर केलेली असते. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं, म्हणून धडधाकट यंत्रंही बाद ठरली. सॉफ्टवेअर विकत न मिळता भाड्यानं मिळतं. कोडसुद्धा सांगितला की यंत्रच लिहून देतं. पान्हा फिरवायला जागाच उरली नसेल तर मेकॅनिकाचा जीव रमणार कसा? तुमचं कारण हे असेल तर ज्याचा प्रत्येक भाग उघडून पाहता येतो असा छंद शोधा.

तिसरं कारण, तुम्ही बदललात. चाळिशीचा चष्मा लागला, मान धरते, मुलांच्या परीक्षा आणि आईवडिलांची औषधं यांतून सलग चार तास मिळत नाहीत. इथे अर्ध्या तासाच्या तुकड्यांत करता येईल आणि मध्येच सोडून उठता येईल असा छंद हवा.

चौथं कारण वेगळं आहे आणि ते नजरेआड करू नका. फक्त संगणकच नको झालाय, की गाणी, मित्र, खाणंपिणं, फिरायला जाणं सगळ्यातलीच गोडी गेली आहे? झोप बिघडली आहे? असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर प्रश्न छंदाचा राहत नाही. डॉक्टरांना भेटा. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही मानसिक आरोग्याची दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं.

मजा नक्की कशात होती?

एक कोरा कागद घ्या. संगणकापायी तहानभूक विसरल्याचे पाच प्रसंग आठवून प्रत्येकी एका ओळीत लिहा. ‘लिनक्स शिकलो’ असं ढोबळ लिहू नका. ‘रात्री दोन वाजता प्रिंटर एकदाचा बोलायला लागला’, ‘सोसायटीच्या हिशोबाचा प्रोग्रॅम लिहिला आणि खजिनदारकाकांनी तो सहा वर्षं वापरला’, ‘सायबर कॅफेत चौघं मिळून गेम खेळलो’, असं लिहा. मग प्रत्येक ओळीतल्या क्रियापदाखाली रेघ मारा.

बहुतेकांच्या कागदावर पाचांपैकी एखाददुसरा प्रकार पुन्हा पुन्हा येतो. कुणाला उघडण्या-जोडण्यात मजा होती, कुणाला न कळणारी गोष्ट उलगडण्यात. कुणाला दूरवरच्या माणसाशी संपर्क साधल्याची नवलाई होती. कुणी फायलींची, गाण्यांची, सिनेमांची वर्गवारी करण्यात रमायचा. आणि कुणाला खरं तर संगणकाशी फारसं देणंघेणंच नव्हतं, चार टाळकी जमायची म्हणून तो तिथे असायचा. मित्राला सायकलिंगनं वेड लावलं म्हणून सायकल घेणारा उलगडणाऱ्यांतला असेल तर ती सायकल सहा महिन्यांत गॅलरीत कपडे वाळवायच्या कामी येते. तेव्हा आपला प्रकार पाहून पुढे वाचा.

उघडण्या-जोडण्याची हौस: आरसा घासून दुर्बीण

हाताला काम हवं असलेल्यांना माझी पहिली शिफारस आहे ती स्वतः घासलेल्या आरशाच्या दुर्बिणीची. सहा इंच व्यासाच्या जाड काचेच्या दोन तबकड्या लागतात. खालची टेबलावर घट्ट बसवायची, तिच्यावर कार्बोरंडमची भरड पूड आणि पाणी टाकायचं आणि वरची तबकडी पुढेमागे घासत स्वतः टेबलाभोवती फिरत राहायचं. घासता घासता वरची काच मधोमध खोलगट होत जाते आणि खालची फुगीर. १२०० मिलिमीटर नाभीय अंतर हवं असेल तर मध्यभागी खोली लागते जेमतेम १.२ मिलिमीटर. मग क्रमाक्रमानं बारीक पूड घ्यायची. दोन टप्प्यांच्या मध्ये टेबल, बादली, हात, नखं सगळं धुवायचं, कारण भरड पुडीचा एक कण मागे राहिला तरी त्याचा ओरखडा झालेली मेहनत पाण्यात घालतो. शेवटी पिच नावाच्या डांबरासारख्या थरावर सेरियम ऑक्साइडनं झिलई.

खरी गंमत तपासणीत आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ लेआँ फूको यांनी एकोणिसाव्या शतकात सांगितलेली चाचणी आजही तशीच करतात. तिला एक बारीक दिवा, दाढीचं पातं आणि अंधारी खोली पुरते. आरशावरून परतणाऱ्या प्रकाशात पातं हळूहळू आडवं सरकवलं की काचेवरचे उंचसखल भाग सावलीतून दिसायला लागतात. गोलीय पृष्ठभाग आणि दुर्बिणीला लागणारा परवलयी पृष्ठभाग यांत, आपल्या सहा इंची आरशापुरता, फरक असतो मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. तोसुद्धा ते चार रुपयांचं पातं दाखवतं. विश्वास बसत नसेल तर आरशावर अंगठा काही सेकंद टेकवा आणि पुन्हा पाहा. अंगठ्याच्या उबेनं फुगलेल्या काचेचं टेंगूळ तिथे उभं असतं आणि काच निवेल तसं ते विरत जातं. चूक हुडकायची, थोडं घासायचं, पुन्हा तपासायचं, हा क्रम डीबगिंग केलेल्या माणसाला नव्यानं शिकवावा लागत नाही.

आरशावर ॲल्युमिनिअमचा मुलामा मात्र निर्वात पेटीतच चढतो, ते काम बाहेर द्यावं लागतं. बैठक प्लायवूडची करता येते. ही साधी, स्वस्त बैठक जॉन डॉब्सन यांच्या नावानं ओळखली जाते. सॅन फ्रान्सिस्कोतल्या वेदान्त मठात दोन दशकांहून जास्त काळ संन्यासी म्हणून राहिलेल्या या माणसानं भंगारातल्या काचा घासून दुर्बिणी केल्या आणि त्या फुटपाथवर मांडून येणाऱ्या-जाणाऱ्यांना चंद्र दाखवला. दुर्बिणीच्या वेडापायीच १९६७ साली त्यांना मठ सोडावा लागला.

हे एकट्यानं करण्यापेक्षा कुणाच्या देखरेखीखाली करा. पुण्यात १९४४ पासून काम करणारी ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे. ‘आयुका’च्या विज्ञान केंद्रात दुर्बीण बनवण्याच्या कार्यशाळा झालेल्या आहेत, पुढची कधी आहे याची चौकशी करत राहा. मुंबईकडच्यांनी खगोल मंडळाच्या वांगणीच्या आकाशदर्शनाला एकदा जाऊन यावं. आपल्याला रात्रभर जागून आकाश बघणं मानवतं का, हे आरशाला हात लावण्याआधी तिथे कळेल.

इतकी जागा आणि वेळ नसेल तर चावीचं घड्याळ घ्या. एचएमटीची जुनी घड्याळं पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोरबाजारात बंद अवस्थेत मिळतात. भिंग, चिमटा, बारीक पेचकस आणि सुट्या भागांसाठी खणांची डबी एवढ्यावर सुरुवात होते. मुख्य स्प्रिंगची ताकद चाकांच्या साखळीतून एस्केपमेंटपर्यंत पोचते आणि तिथे बॅलन्स चाक तिला एका वेळी एकेक दात सोडायला लावतं. हा सगळा कारभार डोळ्यांसमोर चालतो, लपलेलं काही नाही. प्रत्येक पायरीला फोनवर फोटो काढून ठेवा, परत जोडताना तोच कामी येतो. आणि आजोबांच्या घड्याळावर पहिला हात साफ करू नका.

उलगडण्याची हौस: मोडी

कूट सोडवण्यात, दुसऱ्याचा विचित्र कोड वाचून त्याचा अर्थ लावण्यात ज्यांचा जीव रमायचा, त्यांच्यासाठी महाराष्ट्रात एक खाण पडून आहे. पुण्याच्या पुराभिलेखागारातलं पेशवे दफ्तर, १९१० साली स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाचा संग्रह, देवस्थानांची आणि खासगी घराण्यांची दप्तरं या सगळ्यांत मिळून मोडी कागदांचे ढीग आहेत आणि ते वाचणारी माणसं थोडी. आधी पानभर शिरोरेषा आखायची आणि मग हात शक्यतो न उचलता तिच्याखाली अक्षरं लिहीत जायची, अशी ही लिपी. शब्द तोडलेले नाहीत, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. ‘दीन’ की ‘दिन’ हे संदर्भानंच ठरवायचं.

अक्षरं यायला लागली की पुढचं कोडं तारखांचं. जुन्या कागदांत शुहूर सन अरबी आकड्यांत लिहिलेला असतो. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असं दिसलं तर इहिदे म्हणजे एक, सितैन म्हणजे साठ, मया म्हणजे शंभर, अलफ म्हणजे हजार. बेरीज ११६१. हा सन मृगाच्या सुमारास, म्हणजे मेच्या अखेरीस किंवा जूनच्या आरंभी बदलतो, म्हणून त्या दिवसापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखेला ५९९ मिळवायचे आणि त्यापुढच्या महिन्यांना ६००. पत्र जानेवारीतलं असेल तर साल निघतं १७६१, म्हणजे पानिपताचा महिना. एकक आधी, दशक मग, शतक आणि हजार शेवटी, हा क्रम पाहून ज्याला ‘अरे, हे तर लिटल एंडियन’ असं वाटेल त्याचं या वर्गात चांगलं जमेल.

मोडीचे वर्ग भारत इतिहास संशोधक मंडळात चालतात, राज्याचं पुराभिलेख संचालनालयही वेळोवेळी प्रशिक्षण घेतं. खर्च वही-पेनाचा. अर्धा तास मिळाला तरी चार ओळी वाचून होतात, त्यामुळे तिसऱ्या कारणवाल्यांनाही हा छंद सोयीचा पडतो. वळणदार, सुवाच्य अशा उत्तर पेशवाईतल्या पत्रांपासून सुरुवात करा. शिवकाळातली वळणं नंतर. घरातल्या जुन्या ट्रंकेत एखादा मोडी दस्त निघाला तर उत्तमच, कारण आपल्याच खापरपणजोबांनी कुणाकडून किती कर्ज घेतलं होतं हे वाचताना कंटाळा येत नाही. जमिनीच्या जुन्या नोंदी मोडीत असल्यानं वाचणाऱ्याला मागणीही आहे, पण पहिली दोन वर्षं पैसे घेऊ नका. बालवाडीतल्या मुलांचा प्रयोग आठवा.

दूरच्या संपर्काची हौस: हॅम रेडिओ

डायल-अपच्या काळात परक्या देशातला अनोळखी माणूस चॅटवर ‘हॅलो’ म्हणाला की जो रोमांच व्हायचा, तो हॅम रेडिओवर अजून होतो. इथे मध्ये ना कंपनी, ना केबल. तुमचा संच, तुमची तार आणि वरचा आयनांबर, एवढ्यावर आवाज समुद्रापार जातो. कधी जातो, कधी जात नाही. ते सूर्यावरच्या डागांवर, दिवसाच्या वेळेवर आणि तुम्ही अँटेना किती नीट बांधली यावर ठरतं.

भारतात यासाठी केंद्र सरकारची परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो. वय किमान १२ हवं. जनरल आणि रिस्ट्रिक्टेड अशा दोन श्रेणी आहेत. रिस्ट्रिक्टेडला मोर्सची परीक्षा नसते, तेव्हा सुरुवात तिथून करा. अभ्यासक्रमात प्राथमिक इलेक्ट्रॉनिक्स आणि संपर्काचे नियम येतात. ज्यानं कधी सर्किट जोडलंय त्याला ते जड जाऊ नये. परवान्याविना प्रक्षेपण करणं गुन्हा आहे, त्यामुळे ऑनलाइन मिळणारा चिनी वॉकीटॉकी घेऊन बटण दाबायचा मोह टाळा.

आधी नुसतं ऐकून बघायचं असेल तर जवळच्या एखाद्या हॅमकडे जा आणि १४५.८०० मेगाहर्ट्झवर आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाची वाट पाहा. स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून ताशी २८,००० किलोमीटर वेगानं जातं, म्हणून डोक्यावरून जाताना त्याची कंप्रता आधी सुमारे साडेतीन किलोहर्ट्झ वर आणि नंतर तेवढीच खाली सरकलेली मिळते. शाळेत रेल्वेच्या शिट्टीवरून शिकवलेला डॉप्लर परिणाम इथे गच्चीवर उभं राहून मोजता येतो. या छंदाला उपयोगाचीही बाजू आहे. २६ जानेवारी २००१ च्या भूज भूकंपात टेलिफोन कोलमडले, तेव्हा निरोप पोचवणाऱ्यांत हौशी हॅम होते.

वर्गवारी आणि गोतावळा

याद्या, नोंदी, तक्ते यांत रमणाऱ्यांनी पक्ष्यांकडे वळावं. खर्च जवळजवळ शून्य. खिडकीत पंधरा मिनिटं बसायचं आणि दिसेल तो पक्षी, संख्या, वेळ वहीत टिपायची. शहरातसुद्धा दयाळ, शिंपी, बुलबुल, कोतवाल आणि दुपारभर टुक-टुक करणारा तांबट भेटतोच. फेब्रुवारीत चार दिवस जगभर पक्षीगणना होते, तिच्यात तुमची खिडकीही सामील होऊ शकते. आवाजावरून पक्षी ओळखून देणारी ॲप आहेत. पण पहिला महिना ती उघडू नका, नाहीतर तुम्ही पुन्हा पडद्याकडेच बघत बसाल.

ज्यांच्या कागदावर पाचही ओळींत ‘आम्ही’ आलं, त्यांनी वस्तू शोधू नये, माणसं शोधावीत. ढोल पथक, गिर्यारोहकांचा गट, हौशी नाट्यसंस्था, भजनी मंडळ, सोसायटीतला बॅडमिंटनचा अड्डा, जे जवळ असेल ते. निकष एकच: ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी तुम्ही गेला नाहीत तर कुणीतरी फोन करून ‘का आला नाहीस’ असं विचारलं पाहिजे.

सुरुवातीचे पाच नियम

१. पहिला महिना काहीही विकत घेऊ नका. उसनं आणा, भाड्यानं घ्या, दुसऱ्याचं वापरा. संगणकवाल्यांना सामानाची तुलना करून सर्वोत्तम तेच घ्यायची खोड असते आणि त्या नादात खरेदी हाच छंद होऊन बसतो.

२. व्हिडिओ बघण्यात जेवढा वेळ जाईल त्याच्या दुपटीनं हातानं काम करा. काच घासण्याचे दहा व्हिडिओ बघून काच खोलगट होत नाही.

३. वार आणि वेळ ठरवा. ‘सवड मिळेल तेव्हा’ ही वेळ कॅलेंडरात नसते. घरच्यांनाही ती सांगून ठेवा आणि बदल्यात त्यांच्या वेळेत ढवळाढवळ करू नका.

४. नवशिकेपण सोसा. ज्या माणसाला पंचवीस वर्षं लोक अडचण घेऊन विचारायला येत होते, त्याला बारा वर्षांच्या मुलाशेजारी बसून मोडीचा ‘अ’ गिरवणं जड जातं. छंद सुटतो तो बहुधा याच टप्प्यावर. तेव्हा शिक्षक गाठा आणि मुकाट्यानं गिरवा.

५. त्याचा धंदा करू नका. चॅनेल काढणं, ऑनलाइन विकणं, किती जणांनी पाहिलं ते मोजणं, यांतलं पहिल्या वर्षात काही नको.

जुनं आवरताना

रागाच्या भरात सगळं भंगारात घालू नका. आधी डेटा. घरातल्या सीडी-डीव्हीडींवरचे लग्नामुंजीचे फोटो, व्हिडिओ आजच बाहेर काढा, कारण त्या चकत्या काळानं खराब होतात आणि वाचणारे ड्राइव्हही मिळेनासे होत चाललेत. दोन वेगळ्या ठिकाणी प्रती ठेवा, त्यांतली एक घराबाहेर.

मराठीत काम केलेल्यांकडे एक खास अडचण असते. श्रीलिपी, आकृती किंवा तशा जुन्या फॉन्टांत टंकलेल्या फायली आज उघडल्या तर आईची आत्मकथा रोमन अक्षरं आणि चित्रविचित्र चिन्हांच्या खिचडीत दिसते. मजकूर गेलेला नसतो, फॉन्ट गेलेला असतो. अशा फायली फॉन्ट परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणा आणि जोडाक्षरं, रफार एकदा डोळ्यांखालून घाला, कारण चुका तिथेच होतात. हे काम तुम्ही नाही केलंत तर घरात पुढे कुणाला जमणार नाही.

मग जबाबदाऱ्या. नातेवाइकांचे पासवर्ड, सोसायटीची वेबसाइट, मंडळाची देणगीदारांची यादी तुमच्याकडे असेल तर ती लेखी टिपणासह दुसऱ्याच्या हाती सोपवा. शेवटी सामान. चालू यंत्र हलक्या लिनक्ससह एखाद्या शाळेला किंवा वाचनालयाला द्या, पण देण्याआधी डिस्क पूर्ण पुसा. नुसतं ‘डिलीट’ केल्यानं फायली पुसल्या जात नाहीत. बिघडलेलं सामान नोंदणीकृत ई-कचरा संकलकाकडेच जाऊ द्या, रद्दीवाल्याकडे नको. तांब्यासाठी वायरी जाळल्या की तो धूर कुणाच्या तरी फुप्फुसात जातो.

संगणक अगदीच सुटत नसेल तर

काहींना निदानाअंती कळेल की संगणक नकोसा झालेला नाही, त्यांना नको आहे ती त्याच्यामागची कटकट. त्यांनी लहान आणि पूर्ण समजेल असं काही धरावं. कुंडीतली माती कोरडी पडली की पंप सुरू करणारा आर्डुइनो एका सुट्टीत होतो आणि त्यातली प्रत्येक तार तुम्हीच जोडलेली असते. किंवा मराठी विकिस्रोतावर जा. प्रताधिकारमुक्त जुन्या पुस्तकांची स्कॅन केलेली पानं तिथे यंत्रानं वाचून ठेवलेली असतात आणि त्यांतल्या चुका माणसांनी दुरुस्त करायच्या असतात. रोज एक पान तपासलं तरी वर्षाकाठी एक जाडजूड पुस्तक सर्वांना वाचायला खुलं होतं.

येत्या रविवारी क्रियापदांचा कागद करा, त्याच आठवड्यात एका संस्थेला किंवा एका माणसाला फोन करा आणि पुढच्या तीन महिन्यांसाठी एकच छंद धरा. तीन महिन्यांनी एवढंच पाहा की कुणी आठवण करून न देता तुम्ही आपणहून ते काम हातात घेता का. घेत असाल तर खुशाल स्वतःचं सामान घ्या. घेत नसाल तर उसनं आणलेलं परत करा आणि कागदावरच्या दुसऱ्या क्रियापदाकडे वळा.